एमएम ५४० ची उंची वाढवली: पाटे ॲक्सलवर घेण्याच्या कामाच्या नोंदी

२२ डिसेंबर

येळवस (वेळ अमावस्या) झाली. हरभऱ्याला आता पाण्याचीच पाळी, त्यामुळं हाताला थोडी उसंत आहे. आजपासून काम काढलं.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, फोर बाय फोर, प्यूजोचं डिझेल इंजिन. मागचं टप आधीच्या मालकानंच कापून हौदा बसवलेला, म्हणून घरात सगळे तिला पिकअपच म्हणतात. पुढं-मागं अखंड ॲक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (लीफ स्प्रिंग), आणि ते पाटे ॲक्सलच्या खालून बांधलेले.

आमचं रान लातूर तालुक्यात मांजरेच्या काठाला. पावसाळ्यात धनेगावच्या धरणाची दारं उघडल्याचा निरोप आला की नदीवरच्या मोटारी, स्टार्टर, केबल पाणी चढायच्या आत वर आणावं लागतं. ट्रॅक्टर त्याच वेळी भावकीत सगळ्यांनाच हवा असतो. पिकअप घेऊन जावं तर ट्रॅक्टरनं काळ्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्यांत चाकं उतरतात, मधल्या उंचवट्यावर चासी बसते आणि चारही चाकं जागेवर फिरतात. गेल्या पावसाळ्यात तीन मोटारी वाहून गेल्या. तेव्हाच ठरवलं की ही गाडी चांगली अर्धा फूट उचलायची.

आधीच सांगतो, ही गाडी यापुढं रस्त्यावर जाणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. आमची गाडी बांधाच्या आत फिरते, डांबरीवर जायचा माल ट्रॉलीत चढतो. रोज तालुक्याला जायच्या गाडीवर हे काम करू नका.

२६ डिसेंबर

उंची वाढवायचे बाकीचे रस्ते का सोडले, ते लिहून ठेवतो, कारण गॅरेजवाले आधी तेच सुचवतात.

पाट्यांना कमान चढवणं आम्ही पूर्वी करून बघितलं आहे. भट्टीत लाल करून गोलाई दिली, दोन इंचांवर उंची मिळाली. पण पोलादाला पुन्हा नीट पाणी पाजलं गेलं नाही. एका पावसाळ्यात पाटे होते तिथं येऊन बसले, दोन तर उलट्या कमानीत गेले. पाटे वाढवले तर रिकामी गाडी बैलगाडीसारखी आदळते. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी कडी) लावली तर जेवढी लांबी वाढते त्याच्या निम्मीच उंची मिळते, आणि ॲक्सल फिरल्यामुळं कॅस्टर (पुढची चाकं ज्या आसावर वळतात त्याचा मागचा कल) बिघडतो. बॉडीखाली ठोकळे देऊन काही उपयोग नाही, चासी जिथल्या तिथंच राहते.

म्हणून पाटे ॲक्सलच्या खालून काढून वर घ्यायचे. हिशोब सरळ आहे. ॲक्सलची नळी ७० मिमी, पाट्यांचा गठ्ठा ४५, खालचे जुने पॅड आणि वरचे नवे पॅड मिळून अंदाजे ३०. म्हणजे १४५ मिमी, पावणेसहा इंच. जुनेच सपाट पाटे यात चालतात. उलट सपाट पाटेच बरे, कमानदार पाटे घेतले तर उंची नको तेवढी होते आणि इंजिनाचा जोर ॲक्सलकडं नेणाऱ्या शाफ्टचे कोन हाताबाहेर जातात.

आप्पांनी (थोरले चुलते) हे ऐकून एकच विचारलं. "गाडी वर जाईल रे, पर डिफ्रन्सल तर तिथंच राहतंय की. त्येचं काय?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत पाटे कितीही उचला, डिफ्रन्सलचा (चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तो फक्त टायरनं वर जातो. या कामातून चासी, गिअरबॉक्सखालचा आडवा मेंबर आणि इंजिनचा सम्प वर जातो, यू-बोल्टच्या खाली लोंबणाऱ्या प्लेटा निघतात आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते. ६.००-१६ च्या जागी ७.५०-१६ टाकले की गोळाही दीड-पावणेदोन इंच उचलला जाईल. ही दोन्ही कामं जोडीनं केली तरच चाकोरीत फरक पडतो.

४ जानेवारी

सुट्टं करण्याआधी मापं घेतली. सपाट जागा म्हणजे खळ्याचा जुना फरशीचा कोपरा. हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत चारही चाकांची उंची, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी) मागच्या फ्लॅंजचा कोन, मागच्या पिनियनचा (डिफ्रन्सलमध्ये शाफ्ट ज्याला जोडतो तो गिअर) कोन, पुढचा कॅस्टर, दोन्ही शाफ्टच्या स्लिप जॉइंटमध्ये (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) बाहेर दिसणारी स्प्लाइन (दातेरी खाचांचा भाग), ब्रेकच्या रबरी होजची लांबी. कोन चुंबकाच्या कोनमापकानं घेतले. मोबाइलचं लेव्हल त्याच्या शेजारी ठेवलं तर दोन अंशांपर्यंत फरक दाखवत होतं, त्यावर विसंबू नये.

शाफ्टच्या दोन्ही तोंडांवर आणि फ्लॅंजवर पंचानं खुणा केल्या. शाफ्ट परत बसवताना एक दात जरी सरकला तर क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वाकणारे सांधे) एकमेकांशी जुळत नाहीत आणि गाडी थरथरते.

मागचे यू-बोल्ट एकही नीट सुटला नाही, सगळे ग्राइंडरनं कापले. सुटले असते तरी परत वापरायचे नव्हते. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तसा धरत नाही.

११ जानेवारी

पॅड. पहिले पॅड भंगारातल्या ८ मिमी प्लेटीतून गॅस कटिंगनं कापून घेतले. नळीच्या गोलाईला ते बसेनात, कुठं चिकटून तर कुठं तीन-चार मिमीची फट. फट वेल्डिंगनं भरून काढू असं वेल्डरचं म्हणणं होतं. गाडीचा सगळा भार आणि ब्रेकचा सगळा झटका ज्या जोडावर येणार, तिथं भरण करायला मन धजावलं नाही. ते पॅड बाजूला टाकले.

लातूरच्या एमआयडीसीत लेझर कटिंगचं काम घेणाऱ्याकडं पुठ्ठ्याचा नमुना दिला. दोन गाल ८ मिमीचे, वरची बैठक १० मिमीची, मध्ये सेंटर बोल्टच्या डोक्यासाठी भोक. चार पॅडांचे ३,८०० रुपये. नळीवर ठेवले तर पोस्टकार्डही आत जाईना. हे पैसे आधीच मोजायला हवे होते, गॅस कटिंगचे १,२०० वाया गेले.

१४ मिमीचे हाय टेन्साइल यू-बोल्ट पाटेवाल्याकडं नळीच्या मापानं वळवून घेतले.

१९ जानेवारी

पॅड जागेवर टॅक (तात्पुरते टाके) मारून गाडी चाकांवर उतरवली. पूर्ण वेल्डिंग अजून नाही. आधी गाडीच्या वजनानं पाटे बसू द्यायचे, मग कोन मोजायचे.

दोन्ही ॲक्सलचं अंतर डाव्या-उजव्या बाजूनं आणि तिरकं, कोपऱ्यातून कोपऱ्यात, असं मोजलं. ओळंबा चासीच्या भोकातून खाली सोडून फरशीवर खडूनं खुणा केल्या. मागचा ॲक्सल डावीकडं ६ मिमी मागं होता. टॅक तोडून परत बसवला. टॅक होता म्हणून अर्ध्या तासात झालं.

पुढच्या बाजूला डिफ्रन्सलचा गोळा उजवीकडं आहे. तिथं पॅडचा एक गाल गोळ्याच्या ओतीव भागावर चढत होता. ओतीव लोखंडाला साध्या रॉडनं वेल्डिंग करायचं नाही, थंड होताना तिथंच चीर जाते. म्हणून तो गाल अर्ध्यावर कापला आणि आतल्या बाजूनं नळीवर एक आधाराची पट्टी दिली. पुढच्या ॲक्सलचं काम करताना ही जागा सगळ्यात आधी बघा.

२७ जानेवारी

वेल्डिंग. खर्च कमी, पण तोवरच्या कामात सगळ्यात जास्त वेळ यानंच खाल्ला, कारण वीज.

आमच्या फीडरला थ्री फेज रात्रीच्या पाळीत येतो आणि तेव्हा सगळ्या शिवाराच्या मोटारी सुरू असतात. व्होल्टेज इतकं पडायचं की रॉड प्लेटीला चिकटायचा, आर्क धरायचा नाही. वर मण्यासारखं दिसायचं, ग्राइंडर फिरवला की खाली पोकळ. दोन पॅडांचं पहिलं वेल्डिंग पूर्ण घासून काढलं. शेवटी जनरेटरवर चालणारं मशीन दिवसभराच्या भाड्यानं आणलं, डिझेल धरून २,६०० रुपये. मशीन आलं आणि काम एका दिवसात झालं.

रॉड लो हायड्रोजनचे, ७०१८. पाकीट त्याच दिवशी फोडलेलं. दमट हवेत उघडे राहिलेले हे रॉड भट्टीत वाळवल्याशिवाय वापरायचे नाहीत.

नळी वाकू नये म्हणून बोटभर लांबीचे टाके मारले. एक डाव्या पॅडला, मग उजव्या, पुढून, मागून, आणि मध्ये हात लावता येईल एवढं थंड होईस्तोवर थांबायचं. हाफ शाफ्ट आणि ऑइल सील आधीच काढून ठेवले होते. बॅटरीच्या वायरी सोडल्या. अर्थिंगचा चिमटा पॅडच्या शेजारी नळीवरच लावला. तो चासीला किंवा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात.

मिस्त्री पाण्याचा मग घेऊन उभे होते, "मारू का पाणी, लवकर हुईल." पाणी मारून थंड केलेला जोड कडक होतो आणि चिरतो. मग खाली ठेवायला लावला.

८ फेब्रुवारी

गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर, नव्या उंचीवर. मागं १४२ मिमी, पुढं १३८. हौद्यात चढायला धाकट्याला पाट ठेवावा लागला.

दुसऱ्या गिअरमध्ये जरा वेग घेतला की मागून थरथर सुरू. तिसऱ्यात आरसा दिसेना. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. मागच्या ॲक्सलचं पिनियन आम्ही वर वळवून थेट ट्रान्स्फर केसकडं तोंड करून ठेवलं होतं. डोळ्याला ते बरोबर वाटतं, शाफ्ट सरळ रेषेत दिसतो. पण हे तेव्हाच चालतं जेव्हा वरच्या टोकाला जोडक्रॉस (दोन क्रॉस एकत्र) असतो. आमचा शाफ्ट साधा, दोन्ही टोकांना एकेक क्रॉस. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरतो तेव्हा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं पडतो. हा चढउतार दुसऱ्या टोकाचा क्रॉस खोडून काढतो, पण दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तरच. आमच्याकडं वरच्या टोकाला २२ अंश आणि खालच्या टोकाला जेमतेम २. मग खोडणार काय?

१५ फेब्रुवारी

पॅड परत कापायचे की पाचर घालायची, यावर मिस्त्री आणि मी सकाळभर बोललो. पॅड कापले असते तर नळीला दुसऱ्यांदा तेवढीच उष्णता लागली असती. म्हणून पाचर. पोलादाची, मिलिंग करून घेतलेली, पाट्याच्या रुंदीची, लांब सेंटर बोल्टसह. बाजारात ॲल्युमिनियमच्या मिळतात, त्या घेऊ नका, भाराखाली चेपून निसटतात.

एवढी जाड पाचर एकट्यानं घालणं बरोबर नव्हतं, म्हणून गिअरबॉक्सखालचा मेंबरही २५ मिमी खाली घेतला. त्यानं ट्रान्स्फर केसचं तोंड खाली वळलं आणि वरचा कोन कमी झाला. अर्थात मिळवलेल्या उंचीतला एक इंच नेमका पोटाखाली परत दिला. ते नाइलाजानं स्वीकारलं.

आता दोन्ही टोकांना १७ अंशांच्या आसपास. थरथर गेली. पण १७ अंशही साध्या क्रॉसला जास्तच आहेत, १५ च्या पुढं तो लवकर झिजतो. एमएम ५४० चा व्हीलबेस आखूड, मागचा शाफ्ट हातभर. लांब व्हीलबेसच्या गाडीत हेच काम करणाऱ्याला हा त्रास फार कमी होईल. आम्ही वेग कमी ठेवणार आणि आठवड्याला ग्रीस मारणार.

२२ फेब्रुवारी

पुढचा शाफ्ट. चाकं पूर्ण लोंबकळत सोडली तर स्लिप जॉइंटमध्ये बोटाच्या पेराएवढीच स्प्लाइन उरत होती. फोर व्हील लावून खड्ड्यात चाक सुटलं असतं तर शाफ्ट बाहेर येऊन जमिनीत रुतला असता.

लातूरला टर्नरकडं शाफ्ट कापून ५५ मिमी लांब केला. आत बाही घालून, लेथवर धरून, फिरवत वेल्डिंग, मग बॅलन्सिंग. ३,४०० रुपये. टर्नरनं दोन्ही योक (क्रॉस धरणारी टोकं) एका ओळीत आहेत का ते व्ही-ब्लॉकवर ठेवून दाखवलं, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आता पूर्ण लोंबताना ५० मिमी स्प्लाइन आत राहते आणि पाटे पूर्ण दबले तरी तळाला २० मिमी जागा आहे. मागचा शाफ्टही असाच मोजला. पिनियन वळल्यानं त्याला ३० मिमीच वाढवावे लागले.

ब्रेकचे होज लोंबत्या चाकावर तंतुवाद्याच्या तारेसारखे ताणले गेले होते. लांब होज मापानं मिळाले नाहीत, म्हणून चासीवरची होजची क्लिप १०० मिमी खाली आणली आणि लोखंडी पाईप नवीन वळवून फ्लेअर करून घेतले. जुने पाईप ओढून खाली वाकवायला जाऊ नका. आतून गंजलेले असतात, वळणावर चिरतात.

८ मार्च

स्टिअरिंग. इथून पुढचा महिना यातच गेला आणि मला विचाराल तर या कामातला हाच भाग जीवावरचा आहे.

पाटे वर आले तसा टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) पूर्ण वळणावर पाट्याच्या यू-बोल्टला घासू लागला. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडं जाणारा दांडा) स्टिअरिंग बॉक्सखाली लोंबणाऱ्या ड्रॉप आर्मपासून तीव्र उतारानं खाली जाऊ लागली. परिणाम असा की चाक उंचवट्यावर चढलं की स्टिअरिंग आपोआप हातातून फिरतं. बांधावरून उतरताना धाकट्याच्या अंगठ्याला असा झटका बसला की सूज चार दिवस उतरली नाही. अशा गाडीत स्टिअरिंगच्या दांड्यांत अंगठे अडकवून धरायचे नाहीत, बाहेर ठेवायचे.

मिस्त्रींनी सुचवलं, "आर्म तापवून खाली वाकवू मालक, धा मिन्टाचं काम हाय." जिल्ह्यात कितीतरी गाड्यांवर असं केलेलं मी बघितलं आहे. पण घडीव पोलादाचा आर्म भट्टीत लाल केला की त्याला कारखान्यात पाजलेलं पाणी उतरतं. वरून तो तसाच दिसतो. तुटतो तो वळणावर, भरल्या हौद्यानिशी. मी मिस्त्रींना स्पष्ट नाही म्हटलं. ते थोडे नाराज झाले, पण ऐकलं. स्टिअरिंगच्या कुठल्याही तुकड्याला तापवणं नाही, वेल्डिंग नाही. हा नियम काम संपेपर्यंत मोडला नाही.

२९ मार्च

उपाय दोन भागांत निघाला.

पहिला: टाय रॉड चाकाजवळच्या आर्मच्या खालून काढून वरून लावला. भोक टेपरचं असतं, खाली रुंद आणि वर अरुंद, त्यामुळं रॉडचं टोक नुसतं उलटं घालता येत नाही. टर्नरनं भोक सरळ मोठं केलं आणि त्यात आतून टेपर असलेली पोलादी बुश दाबून बसवली, कॉलर वरच्या बाजूला, म्हणजे नट आवळला की बुश आणखी घट्ट होते. आर्ममध्ये भोकाभोवती पुरेसं मांस उरतं का ते आधी मोजलं. आमच्या आर्ममध्ये दोन्ही बाजूंना १० मिमीच्या वर उरलं. कमी असतं तर हा उपाय सोडला असता.

दुसरा: जास्त खाली झुकलेला घडीव ड्रॉप आर्म जुन्या बाजारात शोधला. आपल्या स्टिअरिंग बॉक्सचा शाफ्ट बरोबर नेला होता, स्प्लाइन बसवून बघत दुकानं पालथी घातली. एक मिळाला, ९०० रुपये. तडा आहे का ते बघायला तो रॉकेलमध्ये बुडवून पुसला आणि वर खडूची पूड चोळली. चिरेत शिरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर रेघ काढतं. रेघ आली नाही.

आता ड्रॅग लिंक जवळजवळ आडवी आहे. बांधावर चाक चढवून बघितलं, स्टिअरिंग जागेवर राहतं. कॅस्टर ३ अंश, हात सोडला की चाकं हळू सरळ होतात. सगळ्या कॅसल नटांना नवीन स्प्लिट पिना.

१२ एप्रिल

७.५०-१६ लग टायर, मध्यम झिजलेले, चार नग १४,००० रुपये. जीपच्या मूळ अरुंद डिस्कवर हे टायर बसवू नयेत, कड नीट बसत नाही. रुंद पाच नटी डिस्क जुन्या बाजारातून आणल्या.

शॉकअप जुने लावले तर पाटे सुटायच्या आधीच शॉकअप ताणून संपत होते. मीटर टेप घेऊन काउंटरवर जा. चाक लोंबत असताना दोन पिनांमधलं अंतर आणि पाटे रबरी गुटक्यावर टेकले असतानाचं अंतर ही दोन मापं हातात असली की दुकानदार कुठल्याही टेम्पोचा शॉकअप काढून देतो. गुटकेही ७० मिमीच्या चौकोनी नळीवर बसवून खाली आणले, नाहीतर मोठे टायर मडगार्डच्या आतल्या कडेला कापले जातात.

३ मे

भर उन्हात, नांगरटीत, हौद्यात खताची पंधरा पोती. चढाला लो गिअर लावून क्लच सोडला आणि गाडी मागून उड्या मारायला लागली. तिसऱ्या की चौथ्या उडीला मोठा आवाज झाला. मागच्या क्रॉसचे दोन कप उडाले, शाफ्टनं हौद्याच्या तळाला वाटीएवढा खळगा पाडला. कुणाला लागलं नाही.

चाकं जमिनीला धरतात तेव्हा ॲक्सल उलटा फिरायला बघतो. पाटे खालून होते तेव्हा त्यांचा या पिळाला आवर होता. पाटे वर गेल्यावर तरफेची लांबी वाढली आणि जुने मऊ पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे मुरडू लागले. पिनियनचं तोंड वर उचललं जातं, क्रॉसचा कोन क्षणात वाढतो, मग पाटे सुटून आपटतात.

धाकट्यानं दुसऱ्या दिवशी क्लच सोडताना बाजूनं मोबाइलवर चित्रण घेतलं. पिनियन अडीच-तीन बोटं वर जाताना स्वच्छ दिसतं. हे चित्रण सुरुवातीलाच, रिकाम्या गाडीवर घेता येतं. तसं केलं असतं तर क्रॉस वाचला असता.

१७ मे

पिळाला आवर घालायला दांडा बसवला. दीड इंची सी क्लास पाईप, दोन नळ्या ॲक्सलवर वर-खाली धरलेल्या, पुढं येऊन एका टोकाला मिळणाऱ्या. ते टोक गिअरबॉक्सजवळच्या नव्या आडव्या मेंबरला, पण थेट नाही, शॅकलनं टांगलेलं. पाटा दबताना लांब होतो आणि ॲक्सल मागं सरकतो, म्हणून पुढचं टोक डोलायला मोकळं हवं. थेट बोल्ट मारला तर पाटे आणि दांडा एकमेकांशी भांडतात आणि कंसाचं वेल्डिंग तुटतं. सांध्यांना पाट्याच्याच बुशा वापरल्या, गावात मिळतात म्हणून. माल २,९००, मजुरी १,५००.

तीच नांगरट, तीच पोती, तोच चढ. गाडी सरळ चढली.

५ जून

यू-बोल्ट सगळे परत आवळले, प्रत्येक नट पाऊण ते एक फेरा फिरला. नवीन कामात हे होतंच. पहिल्या काही फेऱ्यांनंतर आणि पुन्हा महिन्याभरानं आवळायचे.

दोन्ही डिफ्रन्सलच्या श्वासनळ्यांना रबरी पाईप जोडून वर इंजिनच्या मागच्या पत्र्यापर्यंत नेले. गरम झालेला गोळा ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून पाणी आत खेचलं जातं. ऑइल ताकासारखं पांढरं झालं की समजायचं. खर्च १८० रुपये, आणि याच्याशिवाय पाण्यात जाऊ नये.

१८ जून

मिरगाचा पाऊस पडून गेला, रानात अजून वाफसा नाही. गेल्या वर्षी गाडी जिथं बसायची त्या चाकोरीतून चारदा गेलो. चासी टेकत नाही. गोळा दोन ठिकाणी उंचवटा खरवडत गेला, पण अडला नाही. लग टायरच्या खाचा काळ्या मातीनं भरतात, तेव्हा थांबायचं नाही, थोडा वेग देऊन माती झटकायची.

आडव्या उतारावर मात ही गाडी आता वेगळी आहे. तालीवरून तिरकं जाताना वरच्या बाजूचं चाक हलकं पडल्याचं सीटला कळतं. घरात सांगून ठेवलं आहे की उतार सरळ उतरायचा, तिरका नाही, आणि हौद्यात माणूस उभा करायचा नाही.

आजपर्यंतचा खर्च, टायर-डिस्क धरून, वाया गेलेलं धरून: ५१,४०० रुपये. त्यातली उंची मिळवायला पॅड, यू-बोल्ट आणि वेल्डिंग मिळून साडेनऊ हजारांच्या आत लागले. बाकी सगळे शाफ्ट, स्टिअरिंग, ब्रेक, शॉकअप, पिळाचा दांडा आणि टायर यांचे. ज्याच्याकडं फक्त पहिल्या साडेनऊ हजारांची तयारी आहे त्यानं गाडी सुट्टी करू नये.

राहिलेलं: ब्रेक. मोठ्या टायरमुळं तेवढ्याच ड्रमवर जोर जास्त येतो आणि भरलेली गाडी पूर्वीपेक्षा लांब जाऊन थांबते. चारही व्हील सिलिंडर आणि लायनर नवीन आणले आहेत, रविवारी बसवायचे. तोवर गाडीत पाच पोत्यांवर माल नाही.